पूजेतून उठवलेली डबी

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. दिसायला मी काळी, तळहाताएवढी, एका कोपऱ्याचा टवका उडालेली. वायर सैल झाली म्हणून तिला लाल नाड्याचा एक वेढा दिलेला. रावेरच्या बाजारपेठेत पन्नालालशेठचं ठिबकचं आणि पाईपचं दुकान आहे. तिथल्या टेबलाच्या दुसऱ्या खणात माझा मुक्काम असतो. शेठजी मला 'डबी' म्हणतात. म्हणोत बिचारे! पण या डबीनं काय सांभाळलं ते ऐकाल तर तुम्हीही मान डोलवाल. मला थोडी बढाई मारायची सवय आहे, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. पोटात आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या आणि त्यांच्यावरून फिरणारे बारीकसे हात, एवढंच माझं शरीर. तिथून मी धुळ्याच्या एका दुकानात काचेच्या कपाटात येऊन बसले. एक दिवस प्रियल नावाची मुलगी वडिलांना घेऊन आली. ती सिव्हिलचा डिप्लोमा करत होती आणि तिच्या नकाशांना जागा पुरत नव्हती. वडिलांनी मला उलटसुलट करून पाहिलं. "एवढ्याशा वस्तूत काय मावणार?" असं म्हणून ते परत ठेवायला लागले. तेव्हा दुकानदार म्हणाला, "काका, येम्हा बठ्ठं ऱ्हास. भारी वस्तू शे." माझ्यात सगळं मावतं म्हणे! आयुष्यातलं माझं हे पहिलं कौतुक. ते मी अजून विसरलेले नाही.

डिप्लोमा झाला आणि प्रियलचं लग्न ठरलं, रावेरच्या पन्नालालशेठच्या मुलाशी, अनुजशी. सासरी निघताना तिनं मला नव्या साड्यांच्या घडीत गुंडाळून बॅगेत ठेवलं. कुणी भांडी आणतं, कुणी कपाट आणतं. प्रियलच्या आंदणात मी होते! धुळ्याला 'आहे'च्या जागी 'शे' ऐकत वाढलेली मी, रावेरला येऊन 'हाये' ऐकायला लागले. पहिले काही दिवस जरा चुकल्यासारखं वाटलं, मग सवय झाली.

मित्रांनो, रावेरची केळी तुम्ही खाल्ली असतील, पण त्या केळीला पाणी कुठून येतं ते तुम्हाला दिसायचं नाही. ते जमिनीखालून येतं. विहीर एका शिवारात आणि बाग दुसऱ्यात. मधे चार जणांची शेतं, एक नाला, एक गाडरस्ता. या सगळ्यांखालून पाईप टाकलेले असतात. टाकणारे म्हातारे होतात, खुणेची झाडं तोडली जातात, बांध सरकतात. मग कधी लाईन फुटली की सगळे कंबरेवर हात ठेवून उभे राहतात. पाईप शेठजींच्या दुकानातून गेलेले, त्यामुळे लोक विचारायला दुकानात येत. शेठजी म्हणत, "मी पाईप विकला, पुरला तुम्ही!"

प्रियलच्या मनानं घेतलं की शिवारातल्या सगळ्या लाईनींचा नकाशा करायचा. ती डोक्याला ओढणी बांधून शेतोशेत हिंडली. हातात मोबाईल, आणि सोबत अभिमनभाऊ. अभिमनभाऊ म्हणजे दुकानाचं जुनं गिऱ्हाईक, केळीवाला शेतकरी. त्याचे वडील उखर्डू आबा. शिवारातल्या निम्म्या जुन्या लाईनी आबांनी स्वतः उभं राहून टाकून घेतलेल्या. पण आता पायांनी साथ सोडलेली. म्हणून अभिमनभाऊनं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खुर्ची बांधली, आबांना त्यात बसवलं आणि अख्ख्या शिवारात मिरवत नेलं. आबा काठीनं दाखवत, "आठी थांब. इथून ती वाकली. समोर निंबाचं झाड व्हतं, त्याले वळसा घातेल हाये." प्रियल तिथं उभी राहून मोबाईलवर जागा नोंदवी आणि दुकानात आली की कॉम्प्युटरवर निळी रेघ ओढी. जुन्या लाईनींच्या फाइलला तिनं नाव दिलं 'जुनी लाईन'. साधं, सरळ नाव. याच नावानं पुढं घात केला, पण ते नंतर.

त्या उन्हाळ्याच्या अखेरीस आबा गेले. दहाव्याहून परत आल्यावर प्रियल कितीतरी वेळ त्या निळ्या रेघांकडे बघत बसली होती. मग तिनं मला जोडलं आणि त्या दिवसापासून माझं खरं काम सुरू झालं.

ते काम काय, ते नीट समजून घ्या. दुकानाच्या कॉम्प्युटरच्या पोटात माझ्यासारखीच एक डिस्क होती, माझ्याहून मोठी आणि माझ्याहून गर्विष्ठ. प्रियलनं असं बसवून दिलं होतं की रोज दुकान बंद होताना कॉम्प्युटर आपल्या पोटातल्या सगळ्याचा स्नॅपशॉट घेईल. दुकानात त्याला सगळे 'फोटो' म्हणत. त्या घटकेला जे जसं आहे, ते तसंच्या तसं धरून ठेवायचं. यातली गंमत अशी, की दरवेळी सगळ्याची नक्कल करावी लागत नाही. आधीच्या फोटोनंतर जेवढं बदललं तेवढंच नव्यानं ठेवायचं, बाकीचं आहे तिथंच. त्यामुळे जागा थोडी लागते, आणि तरीही कुठलाही फोटो उघडा, त्या दिवशीचं सगळं जागच्या जागी हजर.

शेठजींना वाटलं, झालं की काम! ते म्हणाले, "बेटा, फोटो मशीनमध्येच निघतात ना? मग ही डबी कशाला?"

प्रियलनं विचारलं, "पप्पाजी, गोदामाची दुसरी किल्ली गोदामातच टांगून बाहेरून कुलूप लावलं तर?"

"तर लोक मला वेड्यात काढतील."

"मग हे तसंच आहे. मशीनचे फोटो मशीनच्याच पोटात. मशीन गेलं की फोटोही गेले. म्हणून ते हिच्यात पाठवायचे."

शेठजींना पटलं असावं. कारण त्यानंतर दर शुक्रवारी तेच आठवण करायला लागले, "डबीला जेवायला घातलं का?" मग प्रियल मला जोडी, त्या आठवड्याचे फोटो माझ्या पोटात येत, आणि ती मला काढून खणात ठेवी. जोडून ठेवायची नाही, हा तिचा नियम. आधी मला राग यायचा. पाहुण्यासारखं वाढायचं आणि लगेच उठवायचं! त्या नियमातलं शहाणपण मला फार उशिरा कळलं.

त्या दिवसांत माझा काय तोरा होता म्हणून सांगू! एकदा अनुजनं दुकानाच्या जाहिरातीचं चित्र चुकून पुसलं. चहा येईपर्यंत प्रियलनं ते माझ्यातून काढून दिलं. शेठजी आल्या-गेल्याला सांगत, "आमच्याकडे एक डबी आहे, मागचा सोमवार मागितला तर मागचा सोमवार देते." गिऱ्हाईकं हसत. मी मनातल्या मनात फुगून जाई.

पण कौतुक फार दिवस टिकत नाही, मित्रांनो. कॉम्प्युटरचे फोटो रोज आपोआप निघत होते, काही बिघडत नव्हतं, आणि जे बिघडत नाही त्याची काळजी कोण करतो? शुक्रवार चुकायला लागले. माझ्या शेजारी खणात रबराच्या वायसर, ठिबकच्या नळीचे तुकडे आणि शेठजींची सुपारीची पुडी येऊन राहिली. आणि एक दिवस अनुज म्हणाला, "अगं, ही भरत आलीये. आपल्या लग्नाची शूटिंग हिच्यात टाकू. जुने फोटो पुसून टाक ना. सगळ्यात नवा आहे तेवढा बास."

माझ्या तबकड्या जागच्या जागी थिजल्या.

प्रियल म्हणाली, "नव्या फोटोत जे नसतं ते जुन्यातच सापडतं. शूटिंगसाठी दुसरी घ्या."

"जुन्यात असं काय सोनं ठेवलंय?"

"ठेवलंय," ती म्हणाली आणि खण लावून घेतला. त्या अंधारात मला आपण किती मोलाच्या आहोत ते पुन्हा एकदा आठवलं.

मग नवरात्र आलं. घट बसायच्या आधी आमच्या दुकानात झाडलोट असते. जाळीजळमटं, फुटके डबे, गंजलेले व्हॉल्व सगळं बाहेर निघतं. शेठजींचा दंडक असा, की दसऱ्याच्या पूजेला दुकानात जुनंपानं काही उरता कामा नये. त्या वर्षी त्यांनी अनुजला फर्मावलं, "कॉम्प्युटरही साफ कर. त्यातही कचरा असेलच." प्रियल तेव्हा चार दिवस माहेरी, धुळ्याला गेलेली. अनुज आज्ञाधारक. बसला आणि ज्या ज्या फाइलवर 'जुनं' लिहिलं होतं ती ती पुसत गेला. जुनी जाहिरात गेली, जुना कॅटलॉग गेला, आणि 'जुनी लाईन'ही गेली. त्याला वाटलं, नवा नकाशा आहेच की.

प्रियल परतली. नवरात्रातल्या शुक्रवारी तिला माझी आठवण झाली आणि तिनं मला जोडलं. नवा फोटो माझ्या पोटात आला. मला जाणवलं की यात काहीतरी कमी आहे, आबांच्या निळ्या रेघा नाहीत. पण आम्हाला तोंड कुठं असतं? मी नवा फोटो घेतला आणि जुना तसाच पोटाशी धरून बसले.

दसरा उजाडला. आमच्याकडे दसऱ्याला ज्या यंत्रावर पोट चालतं त्याची पूजा होते. शेतकरी ट्रॅक्टर धुतात, हार घालतात, इंजिन चालू करतात आणि चाकाशी नारळ फोडतात. शेठजी दरवर्षी वजनकाट्यापुढं फरशीवर नारळ फोडत. पण त्या वर्षी म्हणाले, "काट्यापेक्षा कॉम्प्युटर जास्त राबतो. मान त्याचा." कॉम्प्युटरचा डबा पुसून पाटावर ठेवला गेला. त्याला झेंडूचा हार, हळदकुंकू, वर आपट्याची पानं. शेठजी म्हणाले, "चालू करा. ट्रॅक्टर बंद ठेवून कुणी पुजतं का?"

प्रियलनं मलाही खणातून काढून पाटावर कॉम्प्युटरच्या शेजारी ठेवलं. शेठजींनी चष्म्यावरून पाहिलं. "ही कशाला? ही काम कुठं करते? पडूनच तर असते." त्यांनी मला उचललं, खणात टाकलं आणि खण ढकलून दिला. मित्रांनो, खरं सांगते, मला फार लागलं. इतकी वर्षं सांभाळलं आणि एक कुंकवाचं बोटसुद्धा माझ्या वाट्याला नाही.

मग बाहेरून आवाज आला, ठक्. शेठजींनी ट्रॅक्टरवाल्यांसारखाच नारळ फोडला होता, थेट डब्याच्या पत्र्याच्या कोपऱ्यावर. वरती वारा जायला जाळी असते. नारळाचं पाणी त्या जाळीतून सरळ आत गेलं. चर्र झालं, करपल्याचा वास आला आणि पडदा काळा झाला. कोणीतरी बटण बंद केलं, पण उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला हितेंद्र आला. त्यानं डबा उघडला, आत खोबऱ्याचा तुकडा सापडला. हसावं की रडावं ते त्याला कळेना. "आतली डिस्क फिरतच नाही, शेठजी. मोठ्या शहरात पाठवू, पण महिना लागेल आणि खात्री नाही." त्या गर्विष्ठ डिस्कबरोबर तिच्या पोटातले रोजचे सगळे फोटोही गेले. मी तिथं जोडलेली असते तर माझंही तेच झालं असतं; प्रियलचा नियम मला तेव्हा कळला. मला आनंद झाला नाही. ती काही माझी वैरीण नव्हती.

हितेंद्र नवी डिस्क बसवत होता, तेवढ्यात अभिमनभाऊ पळतच आला. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले.

"वहिनी, लाईन फुटली! आबांची जुनी लाईन. पानी कुठी मुरू राह्यलं तेच समजत नाही, अन् बागेत थेंब नाही. हे ऊन पाह्यलं का?"

"व्हॉल्व बंद करून बघा ना," अनुज म्हणाला.

"व्हॉल्व तर जमिनीत हाये, भाऊ! निंब तोडल्यापासून कोनाले जागाच माहीत नाही. सांगा मले, खंदू कुठी? झाडाले घड लागेल हाये. मुळ्या तुटल्या तर घडासकट झाड आडवं. आख्खी बाग खंदू का?" त्याचा आवाज चिरकला. "तुम्ही काढेल ना तो नकाशा, तो दाखवा."

सगळ्यांनी मेलेल्या कॉम्प्युटरकडे पाहिलं. शेठजी खुर्चीत खाली बसले. "माझ्या हातानं केलं मी," ते पुटपुटले.

प्रियलनं शांतपणे खण उघडला. वायसर बाजूला सारल्या, सुपारीची पुडी बाजूला केली आणि मला बाहेर काढलं. नाड्याचा वेढा घट्ट केला आणि मला हितेंद्रच्या लॅपटॉपला जोडलं. मी फिरायला लागले. म्हातारपणामुळे थोडा टिकटिक आवाज झाला, तेव्हा सगळे पुढं वाकले. मी मनात म्हटलं, घाबरू नका, मी आहे.

तिनं सगळ्यात ताजा फोटो उघडला. नकाशा आला. नव्या लाईनी आल्या, विहिरी आल्या, नाला आला. अभिमनभाऊच्या बागेच्या जागी मात्र नुसता पांढरा कागद.

"आबांची लाईन कुठं गेली?" प्रियलचा चेहरा उतरला.

अनुज हळूच म्हणाला, "ते... 'जुनी लाईन' लिहिलं होतं. मला वाटलं, जुनं म्हणजे कचरा. मीच पुसलं."

शेठजींनी कपाळावर हात मारला. अभिमनभाऊ दाराच्या चौकटीला टेकला. "म्हन्जे आबा गेला तो गेलाच," एवढंच तो बोलला.

प्रियल म्हणाली, "थांबा, भाऊ. ही डबी फक्त आजचं सांभाळत नाही." आणि ती मागं जाऊ लागली. नवरात्रातला फोटो ओलांडला. झाडलोटीच्या आधीच्या शुक्रवारी थांबली. 'सगळ्यात नवा तेवढा बास' हे अनुजचं ऐकलं असतं, तर हा फोटो केव्हाच पुसला गेला असता! माझे हात तबकडीवरून फिरले, जागा सापडली, आणि पडद्यावर निळी रेघ उमटली. विहिरीपासून निघून, नाला ओलांडून, तोडलेल्या निंबाला वळसा घालून बागेत शिरलेली. वळणाच्या कोपऱ्यावर प्रियलनं टाकलेला ठिपका आणि अक्षरं, 'व्हॉल्व. आबांनी दाखवला.'

मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात त्या क्षणाइतकी ताठ मी कधी झाले नव्हते.

प्रियल ती रेघ मोबाईलवर घेऊन अनुजबरोबर शेतात गेली. मी दुकानातच होते, पण नंतर इतक्यांदा ऐकलं की डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटतं. ठिपक्याच्या जागी फावड्यानं खड्डा घेतला. गंजका व्हॉल्व हाताला लागला. तो बंद करून वळणाशी फुटलेला तुकडा बदलला, आणि दिवस मावळायच्या आत बागेत पाणी खेळायला लागलं. एकही झाड पडलं नाही.

संध्याकाळी अभिमनभाऊ केळीची मोठी फणी घेऊन दुकानात आला. ती त्यानं शेठजींना दिली नाही, प्रियललाही दिली नाही. टेबलावर, माझ्यासमोर ठेवली. म्हणाला, "आबा दाखवून गेल्ता, अन् पोरगा असून मी इसरलो. हिनं ध्यानात ठेवलं."

शेठजी उठले. देवघरातली कुंकवाची कोयरी घेऊन आले. दसरा उलटून गेला होता, पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही. त्यांनी कोरड्या बोटानं माझ्या टवका उडालेल्या कोपऱ्यावर कुंकू टेकवलं आणि हात जोडले. मग प्रियलकडे वळून चाचरत विचारलं, "बेटा, नारळ?"

"नारळ अंगणात, पप्पाजी."

"हो हो, अंगणातच. आता आयुष्यभर अंगणातच," शेठजी म्हणाले, आणि सगळे खो खो हसले. अनुज सगळ्यात जास्त हसला, आणि हसता हसता त्यानं डोळे पुसलेले मी पाहिले.

आता मी थकले आहे. माझी टिकटिक वाढली आहे आणि प्रियलच्या कानांनी ती ओळखली आहे. मागच्या महिन्यात तिनं दोन नव्या बहिणी आणल्या. माझ्या पोटातले सगळे फोटो, नवे आणि जुनेही, तिनं दोघींत उतरवले. मग सवयीप्रमाणे एक जुनी फाइल प्रत्येकीतून उघडून पाहिली, कारण उघडून पाहिल्याशिवाय ठेवलेल्याची खात्री नसते. एक बहीण माझ्या शेजारी खणात आली. दुसरीला प्रियलनं मऊ साडीच्या घडीत गुंडाळलं आणि बॅगेत ठेवलं. ती निघाली आहे धुळ्याला, प्रियलच्या माहेरी, म्हणजे माझ्याही माहेरी.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरातही कॉम्प्युटर असेल, त्यात कुणाचा तरी आवाज असेल, कुणाचं तरी हस्ताक्षर असेल. त्याचे फोटो घेत जा, पण ते त्याच्याच पोटात ठेवून निश्चिंत होऊ नका. दुसऱ्या खणात ठेवा, जमलं तर दुसऱ्या गावी ठेवा. आणि नवं आलं म्हणून जुनं पुसू नका. पूजा नाही केलीत तरी चालेल, आम्ही रागावत नाही. थोडा वेळ रुसतो, एवढंच.

कोपऱ्यावरचं कुंकू मी अजून पुसू दिलेलं नाही. एक दिवस मी फिरायची थांबेन, हे मला ठाऊक आहे. पण त्या दिवशीही अभिमनभाऊच्या शिवारात आबांची लाईन कुठं वळते, हे धुळ्याच्या एका कपाटात साडीच्या घडीत कुणाच्या तरी ध्यानात असेल.